जर्मन लष्करी पट्टा पारखायचा तर आधी बक्कल उलटून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या लष्करी वस्तू जमवणाऱ्यांची जर्मन पट्ट्यांच्या बाबतीत जितकी फसगत होते, तितकी क्वचितच दुसऱ्या कशात होत असेल. कारण साधे आहे. विकणारा दाखवतो ते बकलाचे तोंड, घेणारा न्याहाळतो तेही तोंडच, आणि नक्कल करणारा आपली सगळी मेहनत नेमकी तिथेच ओततो. गरुड, मुकुट, गोलाकार अक्षरे हे सारे हुबेहूब उतरवणे आता अवघड राहिलेले नाही. बकलाची पाठ, पट्ट्याच्या टोकाला असलेल्या धातूच्या आकड्याजवळची (हुकाजवळची) शिवण आणि चामड्याची कापलेली कड या जागी मात्र फार थोडे लोक कष्ट घेतात. म्हणून पारख पाठीकडून सुरू करावी, एवढे नव्या संग्राहकांना कळकळीने सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

त्याआधी एक गोष्ट मनात पक्की करायला हवी. पट्टा आणि बक्कल या दोन स्वतंत्र वस्तू आहेत. जर्मन भाषेत चामड्याच्या पट्ट्याला कोपेल किंवा लाइबरीमेन म्हणतात आणि बकलाला कोपेलश्लॉस. बकले ल्यूडेनशाइड आणि मेंडेनसारख्या धातुकामाच्या गावांत ठोकली जात, पट्टे चर्मकामाच्या कारखान्यांत शिवले जात. बक्कल पट्ट्याला शिवलेले नसते, हाताने सरकवून काढता-घालता येते. त्यामुळे सैन्यात असतानाच त्यांची अदलाबदल होई, आणि युद्धानंतरच्या बाजारात तर सर्रास झाली. अस्सल बकलाला नवा पट्टा जोडलेला असतो, अस्सल पट्ट्याला नकली बक्कल लावलेले असते. म्हणून दोन्हींचा निकाल वेगवेगळा लावायचा आणि ती जोडी एकमेकांची आहे का हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा.

रचना समजली की अर्धे काम होते. पट्टा साधारण ४५ मिलिमीटर रुंदीचा असतो. जुने चामडे आकसते, त्यामुळे एखाद-दुसरा मिलिमीटर कमी भरला तर घाबरू नये. एका टोकाला चामडे दुमडून त्यात धातूचा चपटा आकडा शिवलेला असतो. दुसऱ्या टोकाला आतल्या बाजूने चामड्याची एक वेगळी जीभ शिवलेली असते आणि तिच्यावर भोकांच्या जोड्यांची ओळ असते. बकलाच्या पाठीमागे एक दांडी आणि तिच्यावर दोन काटे असतात. ते काटे जिभेच्या हव्या त्या जोडीत घातले की पट्टा कमरेच्या मापाचा होतो. समोरचा आकडा बकलाच्या पाठीवरच्या खाचेत अडकतो. म्हणजे बाहेरून एकही भोक दिसत नाही. आपल्या रोजच्या पँटच्या पट्ट्यासारखी बाहेरून भोके पाडलेला आणि तरी ‘शिपायाचा’ म्हणून विकला जाणारा चौकोनी बकलाचा पट्टा समोर आला तर तो तिथेच बाजूला ठेवावा. अधिकाऱ्यांचे पट्टे वेगळे असतात, त्यांच्याकडे पुढे येतो.

आता कालखंड. प्रशियाचे १८४७ च्या नमुन्याचे बक्कल पितळी असे आणि त्याच्या मध्यभागी नॉयसिल्बरची गोल चकती डाख देऊन, म्हणजे सोल्डर करून, बसवलेली असे. नॉयसिल्बर म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. नावात चांदी असली तरी त्यात चांदी अजिबात नसते, हे ‘चांदीची चकती’ म्हणून जादा पैसे मोजणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. चकतीवर प्रशियाचा मुकुट, वर ‘गॉट मिट उन्स’ म्हणजे ‘देव आमच्या पाठीशी’ हे शब्द आणि खाली लॉरेलच्या डहाळ्या असतात. पण जर्मन साम्राज्याचे सैन्य म्हणजे केवळ प्रशिया नव्हे. बव्हेरियाच्या बकलावर ‘इन ट्रॉय फेस्ट’, सॅक्सनीच्या बकलावर लॅटिनमध्ये ‘प्रोव्हिडेन्शिए मेमोर’, वुर्टेम्बर्गच्या बकलावर ‘फुर्श्टलोस उंट ट्रॉय’ असे ब्रीद आहे आणि मुकुटही ज्याचा त्याचा वेगळा आहे. मुकुट एका राज्याचा आणि ब्रीद दुसऱ्याचे, अशी सरमिसळ नकलांमध्ये आढळते. नुसती अक्षरे वाचून थांबू नये, ते याच कारणाने.

१९१५ मध्ये पहिल्या महायुद्धाने रंग बदलले. चकाकणारे पितळ खंदकात घातक, शिवाय ते दारूगोळ्यासाठी हवे होते. त्यामुळे पोलादाच्या एकाच पत्र्यातून दाबून काढलेली आणि करड्या-हिरव्या फेल्डग्राउ रंगाची बकले आली. त्याच वर्षीच्या गणवेश-सुधारणेत तपकिरी चामड्याचे साहित्य काळे करण्याचा हुकूम निघाला. म्हणून या काळातले खूपसे पट्टे बाहेरून काळे आणि आतून, विशेषतः आकड्याच्या दुमडीत जिथे रंग पोचला नाही तिथे, तपकिरी दिसतात. ही दुमड किंचित उघडून भिंगाने जरूर पाहावी. वर काळा थर, खाली मूळचा तपकिरी, आणि सुरकुत्यांत काळा थर तडकून खालचा रंग डोकावतो आहे, असे दिसले तर मनाला फार समाधान वाटते, कारण हे ठरवून करणे कठीण आहे.

या काळातल्या पट्ट्यांवर आणि बकलांवर पुष्कळदा रोमन ‘बी’ आणि ‘ए’ या अक्षरांचा ठसा असतो आणि त्यापुढे रोमन अंक असतो. ‘बेक्लायडुंग्सआम्ट’ म्हणजे गणवेश-भांडाराचे ते लघुरूप, आणि अंक त्या सैन्य-कोअरचा. हा ठसा कारखान्याचा नव्हे, भांडाराचा आहे.

वायमार काळातल्या, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या प्रजासत्ताकाच्या, राइक्सवेर या सैन्याच्या बकलावर ‘गॉट मिट उन्स’ तसेच राहिले, पण मुकुटाच्या जागी प्रजासत्ताकाचा गरुड आला. हे सैन्य व्हर्सायच्या तहाने १ लाखावर मर्यादित केले होते, त्यामुळे ही बकले मुळातच कमी आहेत.

१९३६ पासून भूदलाच्या बकलावर गरुडाच्या पंज्यात हाकेनक्रॉइत्स, म्हणजे नाझी राजवटीचे चिन्ह, आले. वर जुनेच ब्रीद आणि खाली ओकची पाने. सुरुवातीची बरीचशी बकले अल्युमिनियमची, रवाळ पृष्ठभागाची आहेत. युद्ध सुरू झाल्यावर अल्युमिनियम विमानांसाठी लागू लागले आणि पोलादी बकलांचे प्रमाण वाढत गेले. पाठीमागच्या दांडीत ओवून शिवलेली चामड्याची छोटी पट्टी हा या काळाचा मोठा पुरावा आहे. तिच्यावर कारखान्याचे नाव, गाव आणि साल दाबलेले असते. १९४१ च्या सुमारास ही पट्टी लावणे बंद होत गेले. मग कारखान्याची खूण थेट धातूवर, पाठीच्या बाजूला येते, किंवा येतच नाही. ल्यूडेनशाइडचे ‘आसमान उंड झ्योने’, ‘ओवरहॉफ’, ‘श्टाइनहाउअर उंड ल्यूक’, मेंडेनचे ‘ड्रान्सफेल्ड’ ही नावे संग्राहकाला वारंवार भेटतात. अर्थात नक्कल करणाऱ्यालाही ती ठाऊक असतात, म्हणून नाव वाचून हुरळून जाऊ नये. नाव कसे दाबले आहे, ते पाहावे.

हवाई दलाच्या बकलावर ब्रीद नसते. पंख पसरून झेपावणारा गरुड असतो. सुरुवातीचे पट्टे तपकिरी, पुढे काळे, आणि पोलादी बकलांवर निळसर करडा रंग. नौदलाच्या बकलाची रचना भूदलासारखीच, पण सोनेरी झिलईची. उष्ण प्रदेशासाठी १९४१ मध्ये सुती विणीचा, म्हणजे कापडी फितीचा पट्टा आला, कारण चामडे वाळून तडकत होते. नाझी पक्षाच्या संघटनांची बकले ही निराळीच शाखा. त्यांच्यावर ‘राइक्सत्सॉइगमाइस्टराय’ या पक्षाच्या पुरवठा-नियंत्रण कचेरीची आर-झेड-एम ही खूण आणि क्रमांक असतो. ही कचेरी पक्षाची होती, सैन्याची नव्हे. त्यामुळे भूदलाच्या ‘गॉट मिट उन्स’ बकलावर आर-झेड-एम खूण दिसली तर दोन साच्यांची भेळ झाली आहे असे समजावे. एसएसच्या बकलांबद्दल एवढेच सांगतो की सर्वाधिक पैसा तिथे आहे, म्हणून सर्वाधिक नकलाही तिथेच आहेत. नवशिक्याने पहिली काही वर्षे त्या वाटेला जाऊच नये.

युद्धोत्तर पट्ट्यांकडे संग्राहक नाक मुरडतात याचे मला मनापासून वाईट वाटते. पश्चिम जर्मनीचे बुंडेसवेर १९५५ मध्ये स्थापन झाले. त्याच्या बकलावर गरुडाभोवती ‘आइनिगकाइट, रेश्ट, फ्रायहाइट’ म्हणजे ‘एकता, न्याय, स्वातंत्र्य’ हे शब्द आले. पट्ट्यावर नाटो पद्धतीचा १३ अंकी साठा-क्रमांक असेल तर पहिल्या चार अंकांनंतरचे दोन अंक देश सांगतात. जर्मनीसाठी ते १२ असतात. पूर्व जर्मनीच्या नॅशनल पीपल्स आर्मीची स्थापना १ मार्च १९५६ ची. तिच्या बकलावर हातोडा, कंपास आणि धान्याच्या लोंब्यांचे कडे असते. हे सैन्य २ ऑक्टोबर १९९० ला संपले आणि न वापरलेल्या पट्ट्यांचे ढीगच्या ढीग बाजारात आले. शिकायला यासारखी वस्तू नाही. खरा कारखानी ठसा, खरी यंत्राची शिवण, दाबून काढलेल्या धातूची खरी पाठ कशी दिसते हे थोडक्या पैशांत हातात घेऊन पाहता येते. अशी चार-पाच बकले उलटून-पालटून बोटांना सवय झाली की मग १९३६ च्या बकलाकडे वळावे.

प्रत्यक्ष तपासणीला लागणारी साधने मोजकी आहेत. दहापट मोठे दाखवणारे भिंग, छोटे लोहचुंबक, मिलिमीटरचा दहावा भाग मोजणारे कॅलिपर, एका बाजूने प्रकाश टाकता येईल असा टॉर्च आणि ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा. शेवटची वस्तू नसली तरी चालेल.

चुंबक लावायचे ते बकलाच्या दर्शनी पत्र्याला. काट्यांना नव्हे. अल्युमिनियमच्या अस्सल बकलातही दांडी आणि काटे पुष्कळदा पोलादीच असतात, त्यामुळे तिथे चुंबक चिकटले म्हणून काही सिद्ध होत नाही. पत्र्याला चिकटले तर पोलाद. न चिकटले तर अल्युमिनियम, पितळ, नॉयसिल्बर किंवा जस्ताचा ओतीव धातू, आणि या शेवटच्या शक्यतेसाठीच पाठ पाहायची. दाबून काढलेल्या बकलाच्या पाठीवर दर्शनी चित्राची उलटी, खोलगट छाप उमटलेली असते. गरुडाच्या छातीच्या जागी मागे खळगा, अक्षरांच्या जागी मागे चऱ्या. ओतीव नकलेची पाठ सपाट किंवा खडबडीत असते, त्यात सुईच्या टोकाएवढे बुडबुड्यांचे खड्डे असतात आणि कडेला साच्याच्या सांध्याची रेघ कानशीने घासल्याच्या खुणा दिसतात. जुन्या पितळी प्रकारात चकती वेगळी असल्यामुळे तिथे ही छाप शोधू नये. तिथे पाहायचे ते चकतीच्या कडेचा डाख. तो कुठे कुठे किंचित बाहेर आलेला आणि पितळाइतकाच काळवंडलेला असावा. पिवळ्या पितळावर पारदर्शक चिकट द्रव्याची चमकदार कड दिसली तर चकती कालपरवा चिकटवलेली आहे.

ओतीव नक्कल ज्या अस्सल बकलावरून घेतली त्यापेक्षा ती किंचित लहान भरते, कारण धातू गार होताना आकसतो. फरक मिलिमीटरच्या काही दशांशांचा असतो, म्हणून पट्टीने मोजून उपयोग नाही, कॅलिपरच हवे. अक्षरांच्या कडाही पाहाव्यात. पोलादी ठशाने दाबलेल्या अक्षराची कड तीक्ष्ण असते आणि जिथे झिजते तिथे उंच भागावरच झिजते. ओतीव अक्षर मुळातच साबणाच्या वडीवरच्या अक्षरासारखे गोलसर असते, अगदी ज्या खोलगट जागेत कधी बोटही पोचले नसेल तिथेसुद्धा.

इथे एक बारकावा आहे. एकाच ठशातून निघालेल्या अस्सल बकलांवर तोच दोष पुन्हा पुन्हा येऊ शकतो. ठशाला बारीक तडा गेला की पुढच्या प्रत्येक बकलावर त्या जागी केसाएवढी उंच रेघ उमटते. हा दोष उलट अस्सलपणाचा साक्षीदार ठरतो. पण ओरखडा किंवा पोचा ही त्या एका बकलाची खाजगी खूण असते. तोच ओरखडा, त्याच जागी, त्याच लांबीचा, दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या बकलांवर दिसला तर दोन्ही एकाच अस्सलावरून ओतलेल्या नकला आहेत. म्हणून विक्रीला आलेल्या बकलांचे फोटो जपून ठेवण्याची सवय फार उपयोगी पडते.

झीज वाचायला शिकले पाहिजे. खरे बक्कल अंगावर असताना त्याचे चार कोपरे, गरुडाची छाती आणि आकडा जिथे घासतो ती पाठीवरची खाच सर्वांत आधी झिजते. रंग इथून उडतो आणि खोलगट भागांत टिकतो. घाईने जुने केलेले बक्कल याच्या उलट असते. आम्लात बुडवल्यामुळे सगळीकडे सारखे बारीक खड्डे पडलेले, गंज सर्वत्र एकाच नारिंगी छटेचा, आणि आकड्याची खाच मात्र कोरी करकरीत. दर्शनी बाजूला साठ वर्षांची झीज आणि आकड्याच्या खाचेत एक ओरखडाही नाही, असे होऊ शकत नाही. अल्युमिनियमला तांबूस गंज चढत नाही, पांढरट भुकटी येते. अल्युमिनियमच्या बकलावर तांबूस थर असेल तर तो दुसरीकडून आणून चोळलेला आहे, किंवा जवळच्या पोलादी दांडीवरून ओघळलेला आहे. ओघळलेला असेल तर त्याला वाट असते.

आता चामडे, आणि इथे थोडे रेंगाळणे भाग आहे. हे पट्टे झाडांच्या सालींतल्या टॅनिनने कमावलेल्या जाड, ताठ चामड्याचे असतात. कापलेल्या कडेकडे किंवा एखाद्या मूळच्या भोकाच्या आत भिंगाने पाहिले तर गाभा फिकट ते गडद तपकिरी दिसतो. क्रोमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याचा गाभा निळसर करडा असतो आणि ते हाताला लिबलिबीत, रबरासारखे लागते. बाहेरून काळा रंग मारलेला असल्यामुळे हा फरक फक्त कडेवर कळतो. अस्सल पट्ट्याची कड कारखान्यात घासून, दाबून गुळगुळीत केलेली असते. नव्याने कापलेल्या कडेवर सुटे तंतू उभे राहिलेले दिसतात. चामडे तपासण्यासाठी त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहणारे लोक आहेत. कृपा करून तसे करू नये. डाग कायमचा राहतो.

सर्वांत भरवशाची खूण मात्र आकड्याजवळ सापडते. पोलादी आकडा आणि सालीने कमावलेले चामडे अनेक वर्षे एकमेकांना चिकटून राहिले की लोखंडाची चामड्यातल्या टॅनिनशी प्रक्रिया होते आणि निळसर काळा डाग तयार होतो. जुनी शाई याच रसायनातून बनत असे. हा डाग चामड्याच्या आत मुरतो. तो आकड्याच्या कडेला सर्वांत गडद असतो, बाहेर जाताना विरळ होत जातो, आणि शिवणीच्या टाक्यांमधूनही झिरपलेला दिसतो. तपकिरी पट्ट्यावर तो सहज दिसतो, काळ्या पट्ट्यावर दुमडीच्या आतल्या बाजूला शोधावा लागतो. नक्कल करणारा गंजाची नारिंगी पूड वरून चोळतो. ती कापडाने पुसली की निघते आणि खाली कोरे चामडे असते. आकडा अल्युमिनियमचा असेल तर हा डाग असणार नाही, हेही ध्यानात ठेवावे.

शिवणीचा धागा लिनन किंवा सुती असावा. जुना धागा मळकट, किंचित फुललेला आणि भोकात रुतून बसलेला असतो. धाग्याचा आधीच सुटलेला केसभर तंतू मिळाला तर तो चिमट्यात धरून पट्ट्यापासून दूर जाळून पाहता येतो. लिनन-सुताची राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. पॉलिएस्टरचा धागा म्हणजे ती शिवण युद्धानंतरची. पण त्यावरून सगळा पट्टा बाद करू नये. आकडा निखळल्यावर कुणीतरी पुन्हा शिवलेला असू शकतो. अशा वेळी जुन्या सुईची रिकामी भोके नव्या टाक्यांच्या शेजारी दिसतात. ती दिसली तर दुरुस्ती, न दिसली तर नवी बनावट. अतिनील दिव्याखाली धागा निळसर पांढरा लखलखला तर त्यात आधुनिक चकाकी-द्रव्य आहे. कापडी पट्ट्यांसाठी ही चाचणी उपयोगाची आहे, पण अस्सल पट्टा कधी आजकालच्या कपडे धुण्याच्या पावडरीत धुतला गेला असेल तर तोही लखलखतो. दिव्याच्या एकट्या साक्षीवर निकाल देऊ नये.

ठशांबद्दल. पट्ट्याच्या आतल्या बाजूला लांबी सेंटिमीटरमध्ये दाबलेली असते, ९५, १००, १०५ अशी. त्याशिवाय कारखान्याचे नाव, गाव आणि साल. १९४२ च्या अखेरीपासून नावाऐवजी राइक्सबेट्रीब्सनुमर म्हणजे कारखान्याचा सरकारी क्रमांक येऊ लागला. त्याची मांडणी शून्य, तिरकी रेघ, चार अंक, तिरकी रेघ, चार अंक अशी असते. १९३९ साल आणि असा क्रमांक एकाच ठशात असेल तर ते जुळत नाही. ठसा कसा दिसतो हे त्याहून महत्त्वाचे. टॉर्च आडवा धरून पाहावे. पट्टा नवा असताना, चामडे मऊ असताना मारलेल्या ठशाच्या कडा गोलसर असतात, तळाशीही तोच रंग आणि तीच झिलई असते, आणि पट्टा जिथे वर्षानुवर्षे वाकला तिथे ठसाही सुरकुतीबरोबर ताणलेला असतो. जुन्या वाळलेल्या पट्ट्यावर नंतर मारलेल्या ठशाच्या कडेला चामडे तडकते आणि अक्षर सुरकुतीच्या वरून जाते. लेझरने कोरलेले अक्षर तर ओळखू येतेच. तळ सपाट, कड करपलेली, आणि नाक जवळ नेले तर जळक्या केसांचा वास.

दोन्ही वस्तू अस्सल ठरल्या की मग जोडीचा प्रश्न. बक्कल पट्ट्यावर सरकवून, काटे जिभेच्या सर्वांत ओढल्या गेलेल्या भोकांत घालून पाहावे. दीर्घकाळ वापरात असलेल्या भोकांची जोडी अंडाकृती झालेली असते. बकलाच्या कडेने चामड्यावर पडलेली आडवी दाबरेषा त्याच स्थितीत बकलाच्या कडेखाली यायला हवी. ती बोटभर पुढे-मागे आली तर हे बक्कल या पट्ट्यावर नंतर आले आहे. सालांमध्ये दोन-चार वर्षांचे अंतर असणे मुळीच वावगे नाही, भांडारात तसेच होत असे. पण बकलाच्या पट्टीवर १९३७ आणि पट्ट्यावर सरकारी क्रमांक असेल, आणि दाबरेषाही जुळत नसेल, तर ‘मूळ जोडी’ म्हणून पैसे मोजू नयेत. वेगवेगळ्या दोन अस्सल वस्तू म्हणून खुशाल घ्याव्यात.

अधिकाऱ्यांचा दोन काट्यांच्या उघड्या चौकटीचा तपकिरी पट्टा हा सर्वांत निसरडा प्रकार आहे. त्याला बाहेरून भोकांच्या जोड्या असतात. तशाच घडणीचे पट्टे इतरही अनेक सैन्यांनी आणि पोलिस दलांनी वापरले आहेत. वाचता येणारा ठसा नसेल तर नोंदवहीत ‘दोन काट्यांचा अधिकारी पट्टा’ एवढेच लिहावे. विक्रेत्याने सांगितलेली कहाणी म्हणजे ठसा नव्हे.

कायद्याचेही भान हवे. जर्मनीत दंडसंहितेच्या कलम ८६-अ नुसार नाझी चिन्हे जाहीरपणे दाखवणे वा प्रसारित करणे गुन्हा आहे आणि त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. इतिहास, शिक्षण आणि संशोधनाला त्यातून सवलत आहे. म्हणूनच तिथले विक्रेते फोटोत ते चिन्ह झाकतात. त्यात लपवाछपवी नाही. १९४५ नंतर चिन्ह कानशीने घासून काढलेली बकलेही मिळतात. ती ‘खराब’ नाहीत. पराभवानंतर तीच वस्तू पुन्हा वापरात आल्याचा तो पुरावा आहे. त्यावर नवे चिन्ह डाख देऊन बसवणे म्हणजे पुरावा पुसणे आहे आणि तसे करणाऱ्याकडून काहीही विकत घेऊ नये. ज्या राजवटीने लाखो निरपराधांना मारले तिचे चिन्ह भिंतीवर मिरवायचे नसते. ते खणात, नोंदीसह ठेवायचे असते.

जतन करताना दोन चुका सर्वाधिक होतात. पहिली तेलाची. चामडे मऊ करण्यासाठी तेल चोळले की ते आत मुरते, चामडे काळवंडते, टाके सैलावतात आणि धूळ बसते. शिवाय चामड्यातल्या चरबीचा पितळाशी संयोग होऊन हिरवा, मेणचट कळंक वाढतो. तो बांबूच्या काडीने हलकेच खरवडून कोरड्या सुती कापडाने पुसावा. दुसरी चूक घासण्याची. रंग असलेल्या बकलाला ब्रश लावू नये, अल्युमिनियमला सोडा किंवा क्षारयुक्त साबण लावू नये, तो धातू खातो. पोलादावर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात पुरेसा आहे. जुन्या पितळी बकलाची अक्षरे शिपायाने रोज पॉलिश केल्यामुळे गोल झालेली असतात. ती झीज त्याच्या हातची आहे, आपण तीत भर घालू नये. पट्टा सरळ किंवा सैल गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत न घालता, आम्लरहित कागदात ठेवावा. बक्कल काढून ठेवावे, निदान मध्ये कागद सरकवावा. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राहिली तर उत्तम. चामड्यातून तांबडी भुकटी गळू लागली असेल तर त्याला हात न लावता संग्रहालयाच्या संवर्धन-तज्ज्ञाकडे न्यावे.

दुरून खरेदी करायची असेल तर विक्रेत्याकडे ठरावीक फोटो मागावेत. बकलाची पूर्ण पाठ, दांडी आणि काटे जवळून, आकड्याच्या दोन्ही बाजू, आकड्याच्या दुमडीचे आतले चामडे, जिभेची भोके, पट्ट्याची कापलेली कड, आडव्या प्रकाशातला ठसा, आणि मोजपट्टी शेजारी ठेवून संपूर्ण पट्टा. दर्शनी बाजूचा एकच झकपक फोटो पाठवून ‘बाकी सगळे उत्तम आहे’ असे उत्तर आले तर तो व्यवहार सोडून द्यावा.

आपला विश्वासू,
एक संग्राहक